‘तुमची वेदना विकिरित होते का?’

लक्षणं विचारून आजार सांगणारी ॲप्स मराठीत आणणाऱ्या इंजिनिअर मंडळींना खुलं पत्र

मंडळी,

गेल्या महिन्यात तुमच्यापैकी दोघं आमच्याकडे येऊन गेलात. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यापासून मी आठवड्यातून तीन सकाळी तालुक्याच्या गावी एका छोट्या धर्मादाय दवाखान्यात बसते. तिथे तुम्ही टॅबवर ॲप दाखवलंत. ‘पूर्ण मराठीत आहे मॅडम, टाइपसुद्धा करावं लागत नाही,’ म्हणालात. बाकावर एक मावशी बसल्या होत्या, सकाळपासून पोटात दुखतंय म्हणून आलेल्या. त्यांच्यावरच करून बघू म्हटलं. टॅबमधून एका बाईचा गोड आवाज आला, ‘तुमची वेदना शरीराच्या इतर भागांत विकिरित होते का?’

मावशींनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग टॅबकडे. म्हणाल्या, ‘हो.’

‘वेदनेचं स्वरूप कसं आहे? तीक्ष्ण, बोथट की स्पंदनशील?’

‘हो.’

आपण सगळेच हसलो, चहा झाला, तुम्ही पुढच्या गावाला गेलात. तो पहिला ‘हो’ मात्र माझ्या डोक्यातून जाईना. मावशींना प्रश्न कळलाच नव्हता. शिकल्यासवरल्या माणसापुढे नाही म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून त्या हो म्हणाल्या. यंत्रात मात्र ‘दुखणं दुसरीकडे पसरतं’ अशी नोंद झाली आणि यादीत पित्ताशयाचा खडा वर सरकला. तुम्ही गेल्यावर मी त्यांना विचारलं, ‘कळ मारते, मुरडा येतो, की नुसतं जड वाटतंय?’ ‘मुरडा,’ त्या लगेच म्हणाल्या. परसाकडे रात्रीपासून चार वेळा झालं होतं. आदल्या दिवशी लग्नाचं जेवण होतं.

मला तुमच्या यंत्राचा राग नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात बाजाराच्या दिवशी दीडशे केसपेपर समोर यायचे. एका माणसाला दोन मिनिटं मिळाली तरी नशीब. न थकता, न खेकसता, सगळे प्रश्न क्रमाने विचारणारं कोणीतरी बाहेरच्या बाकावर असावं असं मला कितीदा वाटलंय. मला सांगायचंय ते एवढंच की या यंत्रांचं बरंवाईट ठरतं ते पेशंटचा शब्द ज्या क्षणी तुमच्या चौकटीत जाऊन बसतो त्या क्षणी. नेमकं तेच काम तुम्ही भाषांतर करणाऱ्यावर सोडून दिलंय.

तुमच्या धंद्यातली एक जुनी गोष्ट सांगते. इंग्लंडमध्ये लीड्सला टिम डी डोंबल नावाचे एक सर्जन होते. १९७१ च्या सुमारास त्यांनी अचानक पोटात दुखू लागलेल्या पेशंटांसाठी संगणकाची पद्धत तयार केली. निदानं सातच: अपेंडिक्स, फुटलेला अल्सर, आतड्याचा अडथळा, स्वादुपिंडाची सूज वगैरे. त्यांच्या संगणकाला वैद्यक येत नव्हतं. त्याच्याकडे नुसते आकडे होते: लीड्समध्ये अपेंडिक्स निघालेल्यांपैकी किती जणांचं दुखणं बेंबीपासून सुरू होऊन उजवीकडे उतरलं, किती जणांना उलटी झाली. बेजच्या सूत्राने (आधीची शक्यता प्रत्येक नव्या लक्षणागणिक वरखाली करायचं गणित) गुणाकार करायचा आणि शक्यता मांडायची. ३०४ पेशंटांत संगणकाचं निदान ९१.८ टक्के बरोबर आलं, आणि त्याच पेशंटांना तपासणाऱ्या सर्वांत अनुभवी डॉक्टरांचं ७९.६ टक्के. १९७२ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हे छापून आलं. हे दोन आकडे तुमच्या सगळ्या सादरीकरणांत असतात. त्या दिवशीही होते, तिसऱ्या की चौथ्या स्लाइडवर.

स्लाइडवर नसतं ते असं. फॉर्मवरच्या प्रत्येक शब्दाचा अर्थ नेमका काय, यावर त्या मंडळींनी खूप वेळ घालवला. एक डॉक्टर ज्याला ‘पोट कडक’ म्हणतो त्याला दुसरा म्हणतो का, हे आधी भांडून ठरवलं. मग त्यांनी असंही करून पाहिलं की खऱ्या पेशंटांची मोजदाद बाजूला ठेवायची आणि डॉक्टरांनी अंदाजाने सांगितलेल्या टक्केवाऱ्या संगणकाला द्यायच्या. अचूकता घसरली. म्हणजे अनुभवी डॉक्टरांनाही आपण रोज काय पाहतो हे आकड्यांत सांगता येत नव्हतं. आणि तीच पद्धत कोपनहेगनला नेली तेव्हा तिथेही अचूकता उतरली. लीड्स ते कोपनहेगन! दोन्हीकडे गोरी माणसं, बटाटे, थंडी. तुम्ही परदेशातल्या पेशंटांवर शिकवलेलं यंत्र अक्कलकुव्याला आणताय.

मला स्वतःला जास्त महत्त्वाचा वाटतो तो १९८६ चा अहवाल. आठ केंद्रं, १६,७३७ पेशंट. नव्या डॉक्टरांचं पहिलं निदान बरोबर येण्याचं प्रमाण ४५.६ वरून ६५.३ टक्क्यांवर गेलं. अपेंडिक्स फुटेपर्यंत थांबलेल्यांचं प्रमाण २३.७ वरून ११.५ टक्क्यांवर आलं. यात संगणकाचा वाटा होताच, पण फॉर्मचाही मोठा होता. रात्री दोन वाजता डोळे तारवटलेल्या हाउसमनला, म्हणजे नवशिक्या डॉक्टरला, सगळे प्रश्न विचारणं भाग पडलं. आम्हाला कोणी असा फॉर्म दिला असता तर मी त्याची पूजा केली असती. अर्थात आमच्या बोलीत असता तर.

बोलीबद्दल बोलते, कारण खरी मेख तिथेच आहे.

मी पुण्यात शिकले. पहिली नेमणूक सातपुड्याच्या पायथ्याशी, तेव्हाच्या धुळे आणि आताच्या नंदुरबार जिल्ह्यात. तिथे कोणी ‘पोट दुखस’ म्हणे, कोणी भिली किंवा पावरीत सांगे आणि बरोबरचा माणूस त्याचं मराठी करी. दुसऱ्याच आठवड्यात एक मुलगा दारातूनच ओरडला, ‘बाई, आईच्या अंगावरनं गेलंय!’ मला ‘अंगावरून जाणं’ एकच ठाऊक होतं. मी सिस्टरला स्त्रीरोगाचं टेबल तयार करायला सांगितलं. सिस्टरने माझ्याकडे असं पाहिलं की अजून आठवलं तरी कानकोंडं होतं. बैलगाडीत म्हातारीचा डावा हात लोळागोळा होऊन पडला होता. अंगावरून वारं गेलं होतं. ‘वारं’ हा शब्द मुलाने खाल्ला होता की मी ऐकला नव्हता, देव जाणे. अंगावरून पांढरं जातं, लाल जातं, आणि अंगावरून वारंही जातं. तुमच्या यंत्राला हे तीन ठिकाणी पाठवता येईल का?

‘पित्त’ घ्या. ‘पित्त झालंय’ म्हणजे करपट ढेकर आणि घशाशी जळजळ. ‘पित्ताने डोकं धरलंय’ म्हणजे बहुतेक वेळा अर्धशिशी. ‘अंगावर पित्त उठलंय’ म्हणजे खाजणाऱ्या लाल गांधी. आणि पंचावन्न वर्षांचा, बिड्या ओढणारा माणूस पहाटे घाम पुसत येतो आणि ‘गॅस झालाय, पित्त वर चढलंय’ म्हणतो तेव्हा ईसीजी काढायचा असतो. तुमच्या ॲपने त्याला ‘छातीत वेदना आहे का’ विचारलं तर तो नाहीच म्हणणार. त्याच्या लेखी ती छाती नाही, ते पोट आहे. ‘छातीवर कोणी दगड ठेवल्यासारखं वाटतंय का, छाती भरून आल्यासारखी वाटते का’ असं विचारलं की मान हलते.

‘ताप आहे का?’ ‘नाही.’ चौकटीत शून्य. मग कणकण? कणकण आहे की, तीन दिवस आहे, संध्याकाळी अंग मोडून येतं, रात्री घाम येतो. खोकला? तो काय, नेहमीचाच. क्षयरोगाचा पेशंट असा तुमच्या हातातून निसटतो. चक्कर, घेरी, भोवळ, अंधारी, झीट हे सगळं तुम्ही एका ‘चक्कर’खाली कोंबलंय. पण ‘डोळ्यांपुढे अंधारी आली’ म्हणणारी बाई बऱ्याचदा पांढरीफटक असते, आणि ‘घर गरगर फिरतं’ म्हणणाऱ्याचा दोष कानात असतो. पेशंटने अर्धं निदान शब्दातच दिलेलं असतं. ते आपण पुसून टाकायचं आणि मग वीस प्रश्न विचारून पुन्हा शोधायचं, याला काय म्हणावं?

दिवसांचंही तसंच. ‘किती दिवसांपासून?’ या प्रश्नाला तुम्ही आकड्याची चौकट दिली आहे. आमच्याकडे ‘चार दिवस झाले’ म्हणजे दोन ते दहा यांमधलं काहीही. ‘आठ दिवस’ म्हणजे आठवडा. जरा जुनं दुखणं असेल तर ते पोळ्यापासून असतं, नाहीतर लावणीपासून, नाहीतर थोरलीचं लग्न झालं तेव्हापासून. मी सणांवरून मोजायला शिकले आणि माझ्या नोंदी सुधारल्या. खोकला दोन आठवड्यांहून जास्त आहे का, हे क्षयरोगाच्या तपासणीत विचारावंच लागतं. ‘संकष्टीच्या आधीपासून आहे का नंतर?’ असं विचारलं की खरं उत्तर येतं. हे सांगताना मला जरा हसू येतंय, पण ते खोटं नाही.

आता आकड्यांकडे. डी डोंबलच्या यादीत सात निदानं होती. त्यांत सिकलसेल (रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार) नव्हता, कारण त्यांना त्याची गरज नव्हती. नंदुरबारला आणि गडचिरोलीला पोट धरून रडत येणाऱ्या पोराच्या बाबतीत तो आधी आठवावा लागतो, नाहीतर नको ती शस्त्रक्रिया होते. आणि मण्यार. पावसाळ्यात, पहाटे, जमिनीवर झोपलेला माणूस पोटदुखीने उठतो. दंशाची खूण सापडत नाही, सूज नाही, कारण मण्यारीचा चावा बऱ्याचदा कळतही नाही. थोड्या वेळाने पापण्या जड होतात, गिळता येत नाही, मग श्वास. कोणतं परदेशी ॲप पोटदुखीच्या पेशंटला ‘रात्री कुठे झोपला होतात, खाटेवर की जमिनीवर?’ असं विचारेल? आमच्या सिस्टर विचारत. तो एक प्रश्न तुमच्या सगळ्या यादीपेक्षा मोलाचा आहे.

कोकणात भातलावणीच्या दिवसांत ताप आणि पोटऱ्यांत ठणका असेल तर लेप्टो (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस) मनात आणायचा. तळकोकणात दोडामार्गकडे आणि गोव्यात सत्तरीत काजूच्या हंगामात ताप आला तर माकडताप. तिथे विचारायचा प्रश्न असतो, ‘जंगलात गेला होतात का, मेलेलं माकड दिसलं का?’ तोच ताप, तेच अंगदुखणं. जिल्हा आणि महिना बदलला की यादी उलटीपालटी होते. बेजचं सूत्र तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं येतं. त्यात सुरुवातीला जो आकडा भरावा लागतो तो कुठून आणलात, एवढंच मला विचारायचं होतं. त्या दिवशी विचारलं तेव्हा ‘मॉडेलमध्ये असतं ते’ असं उत्तर मिळालं.

इथल्या मोजदादीतून काय निघतं हे आमच्याच रायगड जिल्ह्याने पाहिलंय. महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर विंचू चावलेल्या पेशंटांच्या उशाशी बसून एकेक लक्षण टिपत राहिले. घाम किती, हातपाय गार कधी पडले, उलटी झाली का. त्यातून कोणाच्या हृदयावर बेतणार हे आधी ओळखता येऊ लागलं, आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध देऊन माणसं वाचू लागली. त्याच्या मागे वह्या आणि जागरणं होती.

तुमची एक बाजू मात्र मोठी आहे, आणि तुम्हीच ती नीट मांडत नाही. यंत्राला लाज नसते, आणि यंत्रापुढे माणसाला लाज कमी वाटते. १९६६ मध्येच अमेरिकेत विस्कॉन्सिनला वॉर्नर स्लॅक यांनी पेशंटांना पडद्यासमोर बसवून ॲलर्जीची माहिती संगणकाकडून विचारवली होती. १९७७ चा ग्लासगोचा अभ्यास आहे: दारूच्या त्रासाने आलेल्यांनी मानसोपचारतज्ज्ञांना सांगितली त्याहून जास्त दारू संगणकाला सांगितली. मला यात नवल वाटत नाही. डॉक्टरीणबाईंपुढे ‘कधीमधी घेतो’ म्हणणारा माणूस रोजची क्वार्टर कबूल करायला भिंत शोधत असतो.

आणि बायका. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली आणि १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडली. ९२ टक्क्यांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि आधी कधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. बाकीच्या काय करत होत्या? शेतात जात होत्या. ओपीडीत शेजारी सासू बसलेली असताना ‘पांढरं जातं का?’ या प्रश्नाला उत्तर ‘नाही’ हेच येतं. मी सासूला औषधाच्या खिडकीशी पाठवून ते पुन्हा विचारत असे. कानात इअरफोन घालून, तिच्याच बोलीत, एका बाईच्या आवाजात कोणी तिला विचारलं आणि तिला नुसतं बटण दाबायचं असेल, तर ते माझ्या खोलीपेक्षा चांगलं होईल, असं मी मनापासून म्हणते. फक्त घरातला फोन कोणाच्या खिशात असतो तेही बघा. तो नवऱ्याच्या खिशात असतो, आणि बाईने काय उत्तर दिलं हे संध्याकाळी स्क्रीनवर दिसणार असेल, तर तुमचा टॅब म्हणजे दुसरी सासूच. सगळं पुसून टाकायचं बटण किती मोठं आहे? मला तर ते दिसलं नाही.

तुमच्यातला चष्मेवाला मुलगा जाता जाता म्हणाला, ‘मॅडम, आता जुने प्रश्नोत्तरांचे साचे राहिलेच नाहीत. चॅटजीपीटीसारखी मोठी भाषा-मॉडेल्स आली. पेशंट वाटेल तसं बोलू दे, यंत्र समजून घेतं.’ मी घरी येऊन वाचत बसले. जुन्या साच्यांचं २०१५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये जे मोजमाप छापून आलं ते मला माहीत होतं: २३ ॲप्स, ४५ नमुना रुग्णकथा, पहिल्याच क्रमांकावर बरोबर निदान ३४ टक्के वेळा. नव्या मॉडेल्सवर ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या १,२९८ सामान्य माणसांना घेऊन प्रयोग केलाय. सगळी हकीगत एकदम लिहून दिली तर मॉडेल ९४.९ टक्के वेळा योग्य आजार ओळखतं. तीच हकीगत माणसाच्या हातात देऊन ‘आता तू याच्याशी बोल’ म्हटलं तर ३४.५ टक्क्यांच्याही खाली. मॉडेलशिवाय आपलं आपण शोधणाऱ्यांपेक्षा हे मुळीच बरं नाही. काय सांगायचं हे माणसाला कळत नाही, काय विचारायचं हे यंत्राला सुचत नाही. तेही इंग्रजी येणाऱ्या माणसांचं इंग्रजीत. आमच्या मावशी तर ‘हो’ म्हणून मोकळ्या झाल्या.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण त्या दिवशी तुमच्या ॲपने शेवटी एका गोळीचं नाव घेतलं. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिनच्या (फोन-व्हिडिओवरून उपचाराच्या) सरकारी मार्गदर्शक सूचना वाचा. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राला पेशंटला सल्ला द्यायला किंवा औषध लिहून द्यायला परवानगी नाही. नोंदणीकृत डॉक्टरला मदत करता येईल. ते नाव काढून टाका, आजच.

ई-संजीवनी या फोन-व्हिडिओवरून डॉक्टर गाठून देणाऱ्या सरकारी सेवेतही आता निदान सुचवणारी सोय जोडली आहे. तिथे उपकेंद्रातली समुदाय आरोग्य अधिकारी पेशंटचं ऐकते आणि रकाने भरते. ती मुलगी त्याच तालुक्यातली असेल तर तिला ‘वारं’ आणि ‘पांढरं’ कळतं. खरं तर तुमच्या आख्ख्या यंत्रणेतला सर्वांत हुशार भाग तीच आहे. तिला मधून काढायची घाई तुम्हाला का झालीय, हे मला अजून उमगलेलं नाही.

आता काम. या, आणि तीन महिने बसा. टॅब आणू नका, दोनशे पानी वही आणा. पेशंट दारातून आत येताना जे पहिलं वाक्य बोलतो ते जसंच्या तसं लिहा, शुद्ध करू नका. शेजारच्या रकान्यात, मी शेवटी काय निदान केलं ते. चारशे-पाचशे वाक्यं झाली की तुमची तुम्हालाच यादी दिसेल. आमच्या गावाची झाली की एक माणूस नंदुरबारला पाठवा, एक सिंधुदुर्गात. त्या याद्या जुळणार नाहीत, आणि त्या जुळवायला जाऊ नका. पेशंटचं नाव, गाव काही लिहायचं नाही, आणि त्यांना विचारूनच बसायचं.

त्या मावशी पुढच्या आठवड्यात बीपी दाखवायला परत आल्या होत्या. म्हणाल्या, ‘बाई, ती पाटीतली बाई मला काय विचारत होती हो?’ मी सांगितलं, दुखणं एकाच जागी आहे की पाठीत, खांद्यात कुठे जातंय, ते. ‘मग तसं म्हणायचं की. कुठं जात नव्हतं, जागच्या जागीच पिळत होतं.’

‘जागच्या जागी पिळतं.’ हे तुमच्या वहीतलं पहिलं वाक्य. पानाच्या वर आषाढ लिहा, आणि शेजारी निदान: हगवण, लग्नाचं जेवण.

सोमवारी बाजार असतो, गर्दी जास्त. बुधवारपासून सुरुवात करा. ओपीडी नऊला उघडते. डबा आणा, इथे चहाशिवाय काही मिळत नाही.

तुमची,
एक निवृत्त वैद्यकीय अधिकारी
रायगड जिल्हा